सुटे भाग विभागाच्या साहेबांना बीडहून सप्रेम नमस्कार

प्रति,
मा. मुख्य व्यवस्थापक साहेब,
सुटे भाग विभाग (असल्यास),
एक नामवंत व्हॅक्यूम क्लीनर कंपनी.

विषय : आमचा व्हॅक्यूम क्लीनर आपण मृत घोषित केल्यानंतरही तो चालू असल्याबाबत दिलगिरी.

संदर्भ : 'आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे' हा आपला मोबाइल संदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बीड शहरातील आमच्या घरी आपल्या कंपनीचा एक डबा-छाप व्हॅक्यूम क्लीनर आहे. डबा मागे, पाइप पुढे, खाली चाकं, बाईंच्या मागे कोकरासारखा फिरणारा. मोटर चालते, चाकं फिरतात, बटण दाबलं की वायर सर्रकन पोटात जाते. बिघाड एवढाच होता की होजपाइप डब्यात जिथं बसतो त्या कॉलरपाशी तो बोटभर चिरला होता. त्या चिरेतून फुकटची हवा आत जायची आणि धूळ होती तिथंच बसून राहायची. आपल्या सेवा केंद्रानं मशीनचं तोंडही न बघता निकाल दिला : मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका. निकालाचा वेग पाहून मन भरून आलं. इतक्या झटपट तर आमच्याकडे साधा सातबाराही निघत नाही.

आपल्या प्रतिनिधीनं फोनवर हसू दाबत एक प्रश्नही विचारला होता, 'बीडमध्ये व्हॅक्यूम क्लीनर वापरतात?' प्रश्न रास्त आहे. पण साहेब, मशीन धुळीसाठी लागतं, पिनकोडसाठी नाही. आणि धुळीच्या बाबतीत आमचा जिल्हा पूर्ण स्वयंपूर्ण आहे. गेवराई-माजलगावकडं गोदाकाठची काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वरचा थर पिठासारखा उडतो. आष्टी-पाटोद्याकडं बालाघाटच्या डोंगराचा मुरमाड फुफाटा. परळीला औष्णिक केंद्राची राख, ती वाहून नेणाऱ्या गाड्यांसकट. दिवाळीच्या सुमारास कापसाचा तूस उडायला लागतो तो पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसतो. शिवाय सोलापूर-धुळे महामार्ग आहेच. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो. केरसुणीनं तो जात नाही, फक्त बदली होते त्याची : फरशीवरून टीव्हीवर, टीव्हीवरून दम्याच्या माणसाच्या छातीत. अंधेरीच्या पंधराव्या मजल्यावर जे यंत्र हौसेचं, ते आमच्याकडं गरजेचं आहे. नकाशावर उलटं दिसत असेल तर नकाशा दुरुस्त करावा.

आम्हाला वाट पाहायला लावण्याबद्दल आपण मुळीच संकोच करू नये. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडच्या स्टेशनातून पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुटली. मधल्या काळात नगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांनी तीस वर्षं रेल्वेची वाट पाहिली त्यांना 'पंधरा कामाचे दिवस लागतील' म्हणजे अगदीच गंमत. फक्त रेल्वेच्या बाबतीत कुणी 'मॉडेल बंद झालं' असं म्हणालं नाही, एवढा फरक.

आता मुद्द्याचं. आपल्या सेवा केंद्रातून निघालो आणि पेठ बीडकडच्या एका वाइंडिंगवाल्याकडं मशीन नेलं. विहिरीच्या मोटारी भरणं हा त्याचा मूळ धंदा. दुकानात तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा वास. व्हॅक्यूम क्लीनर त्याच्याकडं क्वचितच येतो. त्यानं काय केलं ते नीट लिहितो, आपल्या प्रशिक्षण विभागाला उपयोग होईल.

त्यानं मशीन चालू केलं आणि पाइपच्या टोकावर तळहात घट्ट दाबला. आवाजात काही फरक नाही. मग पाइप काढला आणि डब्याच्या भोकावरच तळहात ठेवला. मोटर एकदम वरच्या पट्टीत किंचाळली. 'मशीन ठणठणीत हाय. पाइपच हवा खातोय,' तो म्हणाला. झालं निदान. हवा अडली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, मोटरवरचा भार कमी होतो, ती जास्त जोरानं फिरते आणि आवाज चढतो. पाइपच्या टोकाशी आवाज चढला नाही याचा अर्थ हवा मधूनच कुठून तरी घुसतेय. या तपासणीला लॅपटॉप लागत नाही, तळहात लागतो. आपल्या केंद्रात तो उपलब्ध असावा अशी आमची समजूत होती.

पुढं त्यानं काळी कॉलर फिरवून सोडवली. आत आटे होते. पाइपच्या वळ्या त्या आट्यांत अडकवलेल्या असतात. चिरलेला तुकडा ब्लेडनं सरळ कापून टाकला, कॉलर पुन्हा उरलेल्या पाइपवर फिरवून बसवली. पाइप चार बोटं आखूड झाला आणि ओढ पहिल्यासारखी आली. आपल्याला वाईट वाटेल, पण लपवून ठेवणं बरं नव्हे.

मग तो मोटरकडं वळला. मोटरचे कार्बन ब्रश झिजून कडेला आले होते, आत निळ्या ठिणग्या उडत होत्या. नेमके त्याच मापाचे कार्बन त्याच्याकडं नव्हते. त्यानं डब्यातून जरा मोठे काढले, व्हर्नियर लावला आणि पॉलिश पेपरवर घासून मापात आणले. दोन्ही एकदम बदलले. एक जुना, एक नवा ठेवायचा नसतो, नाहीतर कम्युटेटर खराब होतो आणि मग खरोखरच मोटर जाते. एक बेअरिंग करकरत होतं. त्यावर ६०८ असा आकडा होता. साहेब, या आकड्यावर माझा जीव जडला आहे. ६०८ म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. जर्मनीत हेच, जपानमध्ये हेच आणि बीडच्या सुभाष रोडच्या बाजूला बेअरिंगच्या दुकानात गेलं तरी हेच. दुकानदारानं मशीन कुठलं, कंपनी कुठली, बिल आहे का, असलं काहीही विचारलं नाही. आकडा ऐकला, पुडी पुढं केली.

म्हणजे जे भाग खरंच नाजूक, वेगानं फिरणारे, कारखान्याशिवाय न होणारे, ते जगभर एका मापाचे आहेत. आणि प्लास्टिकची नळी, तिची कॉलर, स्पंजचा चौकोन, कागदाचं फिल्टर यांची मापं मात्र लष्करी गुपित! बाजारात नळीचे व्यास साधारण ३२ किंवा ३५ मिलिमीटर. तेवढ्यावर निभावलं असतं. पण आपण दर नव्या मॉडेलला कॉलरची खाच जरा इकडून तिकडं सरकवता. या सरकवण्यानं धूळ एक चिमूटही जास्त ओढली जात नाही. ती खाच यंत्रासाठी नाही, आमच्यासाठी केलेली आहे. ऑनलाइन मिळणारा 'सर्व मॉडेलांना बसणारा' पाइप मागवून पाहिला. तो सर्वांना बसत असेलही, आमच्याला नाही बसला.

खरं तर आपल्या खानदानाचा इतिहास इतका ताठर नव्हता. लंडनला ह्यूबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये पहिलं मोठं यंत्र काढलं, ते घोडागाडीवरून यायचं आणि नळ्या खिडकीतून घरात सोडायचे. घरात मावेल असं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या ओहायोच्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या झाडूवाल्यानं. दुकान झाडून झाडून त्याचा दमा वाढला होता. त्यानं पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि धुळीच्या पिशवीच्या जागी उशीचा अभ्रा बांधला. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, ते पुढं हूवर यांनी विकत घेतलं. म्हणजे या उद्योगाचा मूळपुरुषच घरातल्या मोडक्या-तोडक्या सामानातून उभा राहिला. त्याला कुणी 'ओरिजिनल अभ्रा आहे का?' असं विचारलं असतं तर आज आपल्याला नोकरी नसती.

आणि आपल्या देशात १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जनं टाय लावलेली मुलं दारोदार पाठवून हे यंत्र घराघरांत नेलं. ती मुलं गादीतली धूळ काढून दाखवत आणि गृहिणी लाजेनं मशीन घेत. (आमचं मशीन त्या कंपनीचं नाही, गैरसमज नको.) तेव्हापासून विकणारा दारापर्यंत येतो, ही आपल्या धंद्याची रीतच झाली. फिल्टर मात्र दारापर्यंत येत नाही. मशीन विकायला बीड जवळ असतं, फिल्टर पाठवायला लांब पडतं.

फिल्टरचं दुखणं तर मोठंच आहे. पाइप कापून जोडता आला, कार्बन घासून बसवता आले, पण बारीक धूळ धरणारं फिल्टर वाइंडिंगवाल्याला कात्रीनं कापता येत नाही. शिंप्याकडून कापडी पिशवी शिवून घ्यावी असा सल्ला एका शेजाऱ्यानं दिला. कापड विरळ असलं तर काळी माती आरपार जाऊन मोटरमध्ये शिरते. दाट असलं तर हवाच अडते. आणि आपल्या या स्वस्त मोटरी त्याच हवेनं थंड होतात, हे आपल्याला माहीत आहेच. हवा अडली की मोटर तापते, आतला कटआउट ती बंद पाडतो आणि आपलं केंद्र म्हणतं, मोटर गेली, नवीन घ्या.

निगा राखली नाही असा ठपका येऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो. पिशवी गच्च भरेपर्यंत आम्ही थांबत नाही, दोन तृतीयांश झाली की रिकामी करतो. धुता येणारं फिल्टर साध्या पाण्यात धुऊन सावलीत दिवसभर सुकवतो; ओलं बसवलं तर धुळीचा चिखल होतो हे शेतकऱ्याच्या घरात शिकवावं लागत नाही. वायर ओढताना पिवळी खूण दिसली की हात थांबतो, लाल दिसेपर्यंत कुणी ओढत नाही. देवघरातली उदबत्तीची राख, चुलीतला विस्तव, सांडलेलं वरण यातलं काहीही मशीनला खाऊ घातलेलं नाही. एक लहानशी कबुली आहे तीही आपल्याचसाठी : मशीनच्या पोटाखालचं स्टिकर, ज्यावर मॉडेल नंबर होता, ते फरशीवर घासून पुसलं गेलं. ज्या बाजूवर मशीन आयुष्यभर घासणार त्याच बाजूला कागदाची जन्मपत्रिका चिकटवण्याची कल्पना ज्यांची, त्यांना बढती मिळाली असेलच.

सरकारदरबारी हालचाल नाही असंही नाही. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, गाड्या आहेत आणि घरगुती उपकरणंही आहेत. तिकडं युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०१७ पासून व्हॅक्यूम क्लीनरला ९०० वॉटची मर्यादा घातली. वर अट घातली की नळी ४०,००० वेळा वाकवूनही टिकली पाहिजे आणि मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे. आपल्याकडच्या खोक्यावर मात्र अजून १६०० वॉट, २००० वॉट असे आकडे ठळक छापतात. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, धूळ किती ओढतं ते नव्हे. मुळात नळी किती वेळा वाकवली तर चिरते, हे खोक्यावर छापायला जागा काढता येईल. हसऱ्या बाईंचा फोटो जरा लहान केला तरी पुरे.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी माणसं कोयत्याचा दांडा बदलून तोच कोयता वर्षानुवर्षं वापरतात. फवारणी पंपाचं वायसर, नोझल, बेल्ट तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, कारण तो पंप बंद पडला तर पीक जातं आणि गिऱ्हाईक दुकानासमोर ठाण मांडून बसतं. व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला तर कुणी ठाण मांडत नाही, गपचूप केरसुणी हातात घेतो. आपला सगळा धंदा या गपचूप घेतलेल्या केरसुणीवर उभा आहे.

तरी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मॉडेलची सुट्या भागांची आकृती मापांसकट जाहीर करा. मापं असली की पुढचं आमचा वाइंडिंगवाला पाहून घेईल. मॉडेल नंबर स्टिकरवर न छापता प्लास्टिकवरच कोरा. मॉडेल बंद केलंत तरी नळी, फिल्टर आणि कार्बन दहा वर्षं विकत राहा, थोडा नफा घेऊन विका, आमची हरकत नाही. आणि तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला एकदा विचारत जा. एवढं जमत नसेल तर निदान विक्रीच्या दिवशीच सांगा की हे यंत्र वॉरंटीएवढंच जगणार आहे. मग आम्ही किंमतही तेवढीच देऊ.

कळावे, लोभ आहेच तो कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक, बीड

प्रत : माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सर्व वाचकांना. मशीन भंगारवाल्याला देण्याआधी पाइपचं टोक तळहातानं बंद करून आवाज ऐका, कार्बन उघडून बघा आणि पोटाखालचं स्टिकर शाबूत आहे तोवर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.