नळ चोवीस, टाकी निम्मी

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मोबाइलवर टॉवर फुल दिसतो. फोन तेवढा लागत नाही. उपाय म्हणून खांबाखांबावर छोटी बेस स्टेशने लावायची म्हटली, की एकाच केबलमधून डेटा आणि वीज देणारा पीओई स्विच आला. विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘चोवीस पोर्ट, प्रत्येकी 30 वॅट!’ गुणाकार 720 वॅट. माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘एकूण 370 वॅट’. नळ चोवीस, टाकी निम्मी. पाणी भरून ठेवणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळे समजावायला नको. त्यात 30 वॅट निघाले, तरी शंभर मीटर केबलच्या टोकाला हमी 25.5 चीच. जास्त खाणाऱ्या स्टेशनला 802.3बीटी या पीओई मानकाचा 60 किंवा 90 वॅटचा पोर्ट लागतो. शेजारच्या स्टेशनांची घड्याळे मायक्रोसेकंदांत जुळावी लागतात; ती जुळवणारा पीटीपी प्रोटोकॉल स्विचला कळला नाही, तर सगळेच मुसळ केरात. आणि ‘शून्य ते चाळीस अंश’ छापलेला स्विच मे महिन्यात, सोलापुरात, पत्र्याच्या बंद पेटीत बसवणाऱ्याला तर साष्टांग दंडवत!

तेव्हा तीनच प्रश्न विचारा: एकूण वॅट किती, पीटीपी आहे का, किती अंशांपर्यंत तग धरतो? पोर्ट मोजायला विक्रेता समर्थ आहे.