खारपाणपट्ट्यातला समुद्र

संग्रामपूर, जळगाव जामोदकडे बोअर मारली की खारं पाणी लागतं. पूर्णेकाठच्या या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजारांची ओरड वर्षानुवर्षं चालू आहे. आमच्या हौशी मंडळींना मात्र दिवाणखान्यात समुद्र हवा, तोही प्रवाळांसकट! मग खारं पाणी आरओतून गोडं करायचं, बरंचसं नालीत सोडायचं आणि उरलेल्यात लिटरमागे ३५ ग्रॅम विकतचं मीठ घालून ते पुन्हा खारं करायचं. याला छंद म्हणतात.

मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात वीज गेली. चिलर बंद. २५-२६ अंशांत जगणारी प्रवाळं दोन-चार अंश वाढताच पांढरीफटक पडली. आता नवा संसार मांडलाय. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पाहुण्यांना रिकामी काच दाखवायची. लोणारचं खारं पाणी फुकट आणावं, तर त्याचा सामू दहाच्या आसपास. मासा तग धरणार नाही.

आणि हो, दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेलं आहे. दुकानदार पावती का देत नाही, एवढं तरी विचारा.