कृष्णधवलराव, आता तरी पडदा सोडा!

रा. रा. कृष्णधवलराव यांसी,
मुक्काम : मिळेल तो पडदा



पत्र तक्रारीचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. आपले वय झाले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हाच रीतसर निवृत्त व्हायला हवे होते. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, विषय संपला. पण आपण हटायला तयार नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या गावीसुद्धा, जिथे खिशातल्या मोबाइलवर जगातले सगळे रंग खेळतात, तिथे कुणी जेवणे उरकल्यावर १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावला, की कडेने जाणारी माणसे थबकतात. याला लुडबूड म्हणतात.

पाबळचा उल्लेख मुद्दाम केला. या गावात मस्तानीची कबर आहे. २०१५ साली संजय लीला भन्साळींनी तिच्यावर केवढा खर्च केला, आरसे किती, झुंबरे किती! पाबळचे नाव माहीत नसलेल्यांनाही मस्तानीचा घागरा पाठ झाला. आणि आपण? १९२५ साली नानुभाई देसाई आणि भालजी पेंढारकर यांनी ‘बाजीराव मस्तानी’ नावाचा मूकपट काढला, तेव्हा आपण तिला ना रंग दिला ना आवाज. त्या काळातले बहुतेक मूकपट नाहीसे झाले, तेव्हा त्या मस्तानीचा हिशेब कुणाकडे मागायचा, तेवढे कळवावे.

रंगांशी आपले वैर जुनेच आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला. त्यासाठी दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आमचे शांतारामबापू, थेट जर्मनीला गेले. रंग काही बसले नाहीत. मंडळी निमूट परत आपल्या आश्रयाला आली आणि पुढच्या सहा वर्षांत ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ करून मोकळी झाली. रंग फसल्याचे दुःख इतक्या निर्लज्जपणे कुणी पचवले नसेल.

‘कुंकू’चे प्रकरण तर गंभीर आहे. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा हा १९३७ सालचा चित्रपट. तरुण नीराचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावतात. नीरा शांता आपटे, वकील केशवराव दाते. आता अशा गोष्टीत व्हायोलिने किती रडवता आली असती! शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला चक्क रजा दिली. ऐकू येतात ते घरातले आवाज, आणि भिंतीवरचे घड्याळ. ते टिकटिकत राहते, नि म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्य प्रेक्षकालाच मोजत बसावे लागते. केशवराव आरशासमोर उभे राहतात तेव्हा त्या माणसाचा राग यावा की कीव यावी, हेही कुणी ढोल वाजवून सांगत नाही. सगळी मेहनत बघणाऱ्याने करायची. पैसे देऊन, किंवा आता डेटा जाळून, वर हे काम?

आणि ‘तुकाराम’मधली बुवांची बायको आवली. गौरीबाईंनी ती अशी उभी केली आहे, की बुवांच्या वैकुंठगमनाला विमान पाठवणाऱ्या दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांचे सगळे यांत्रिक कसब तिच्यापुढे फिके पडते. पोर आजारी आहे, नवरा अभंगात आहे. बाई एका हाताने पोराला ओढते, दुसऱ्या हातात पायतण घेते आणि देवळात शिरून पांडुरंगालाच जाब विचारते. भक्तिपटात देवावर चप्पल! हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. तिथल्या परीक्षकांना देहू कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण कावलेली बायको त्यांनी ओळखली असणार. तिच्या लुगड्याचा रंग कोणता, हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही. रंगारी समाजाच्या पोटावर हा सरळ पाय आहे.

पुढे तर आपण विनोदालाही नादी लावले. १९५२ या एकाच वर्षी राजा परांजपे यांनी ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ काढले. दौंड तालुक्यासमोर भीमेच्या पलीकडच्या काठी, श्रीगोंद्याच्या हद्दीत ते पेडगाव आहे. तिथल्या लोकांनी अब्रुनुकसानीचा दावा कसा लावला नाही, हे नवलच. दुसऱ्या वर्षी पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ आला. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे, संगीत त्यांचे, नायकही तेच. बाकीच्यांच्या रोजगाराचे काय? शिवाय गाणे गायला भीमसेन जोशी. गावातल्या साध्याभोळ्या नाऱ्याची ही गोष्ट. त्याच्या फजितीवर हसताना आपणही त्यात सापडतो, तेही कुणी विनोदानंतर टाळ्या-हशांची ध्वनिफीत लावत नसताना.

टीव्हीवर तर आपण पाहुणे म्हणून आलात आणि यजमान होऊन बसलात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्याने ते पुण्याच्या बाजूला आणले. गल्लीत एकाच घरी संच, त्याला सरकती लाकडी दारे, आणि शनिवारी संध्याकाळच्या मराठी चित्रपटाला ओटीवर अख्खी आळी. आपल्याला सुधारण्याचा एक प्रयत्न त्या काळी लोकांनी मनापासून केला: पडद्यापुढे रंगीत प्लॅस्टिक लावले. वर निळे, खाली हिरवे. आकाश निळे, गवत हिरवे, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे कपाळ निळे नि हनुवटी हिरवी. २००४ साली संगणकाने ‘मुघल-ए-आझम’ पुरा रंगवला, त्या उद्योगाचे खरे जनक हे प्लॅस्टिकवाले. त्यांना एकही पुरस्कार मिळाला नाही.

याच दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव’ लागत असे. चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पाली भाषेचे पंडित. त्यांचा चिमणराव आधीच दोनदा आपल्या तावडीत सापडला होता. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. टीव्हीवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले. प्रभावळकर अंग चोरून उभे राहायचे, कर्वे छाती काढून. एवढ्या भांडवलावर मालिका चालली. सेट म्हणजे दोन भिंती आणि एक दार. आजच्या मालिकांत स्वयंपाकघरातसुद्धा तीन झुंबरे असतात आणि सुनेने वळून पाहिले की विजेचा कडकडाट तीनदा होतो, हे ध्यानात घेतले तर आपला कंजूषपणा उघडा पडतो.

इथे मात्र तक्रार बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत १९५१ साली ‘आय लव्ह लुसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा तिची नायिका ल्युसिल बॉल आणि तिच्या नवऱ्याने ती तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायचा हट्ट धरला. प्रकाशयोजनेला माणूस आणला तो ‘मेट्रोपोलिस’चा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड. खर्च वाढला, म्हणून मालिका टिकली. आजही ती लख्ख दिसते. आमच्याकडे आणि बीबीसीकडेही त्या काळी चित्रफिती महाग, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घ्यायचा. म्हणजे ज्या विनोदावर ओटी हसली, त्यावरूनच पुढे कुठलासा परिसंवाद गेला असेल. चित्रपटांची कथा फार वेगळी नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून फिल्मचे डबे गोळा केले. आणि जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात ‘प्रभात’च्या जुन्या प्रतीही गेल्या. कृष्णधवलराव, आपल्याला घालवायला रंगांची गरज नव्हती. आमच्या निष्काळजीपणानेच बरेचसे काम केले.

जत्रेतले तंबूही उठले. ट्रकमागे प्रक्षेपक बांधून महाराष्ट्रभर हिंडणाऱ्या टुरिंग टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला, २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण तंबूपुढची गर्दी परत आली नाही. मोबाइलवर आपण सापडता, तेही तीस सेकंदांच्या तुकड्यांत. ‘कुंकू’तल्या घड्याळाचे तीस सेकंद बघून काय कळणार? फार तर वेळ.

तेव्हा तडजोडीची अट अशी. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथली मुले हाताने यंत्रे बनवायला शिकतात, फॅब लॅबही आहे. अशा गावात प्रक्षेपक आणि पांढरी चादर मिळणे अवघड नाही. आपण महिन्यातून एका शनिवारी यावे, पूर्ण लांबीचे यावे, न रंगवता यावे. सुरुवात ‘लाखाची गोष्ट’ने करावी, म्हणजे पोरे टिकतील. ‘कुंकू’ दुसऱ्या महिन्यात. पाबळकरांनी चादर तेवढी इस्त्री करून टांगावी. चुण्या पडल्या की केशवराव दाते विनाकारण हसरे दिसतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वैतागलेला रंगीत प्रेक्षक

ता. क. : आवली देवळात शिरत असताना कुणीही प्रक्षेपकाच्या आडवे जाऊ नये. चहा नंतर मिळेल.