गाडीचं देवक

तीर्थपुरीच्या पट्ट्यात सोयरीक जुळवताना पूर्वी तीन गोष्टी विचारायचे: कूळ कोणतं, देवक कोणतं आणि कालव्याखाली जमीन किती. आता चौथी गोष्ट विचारतात आणि ती पहिल्या तिन्हींच्या आधी. "पाव्हणे कशात आले?" पोरगं नंतर बघतात, आधी अंगणातली गाडी बघतात.

"पोरगं सालस हाय, निर्व्यसनी हाय. पण त्यांच्यात आज्यापासून टाटा चालती. आपल्यात महिंद्रा. उद्या सणावाराला बसून बोलायचं काय?"

मध्यस्थ डोकं खाजवतो. देवक आड आलं नाही, पत्रिका जुळली, सगळं बंपरवर येऊन अडलं. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी ऐन लग्नसराईत एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर तासभर उभं राहावं. आत वऱ्हाडी अक्षता टाकत असतात आणि बाहेर जाणती माणसं सात-आठ बोनेटं उघडून बसलेली असतात.

तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातलं गाव. ऊस, मोसंबी, जायकवाडीचा डावा कालवा, 'सागर' साखर कारखाना आणि आता नगरपंचायत. याच तालुक्यातल्या जांबेत समर्थ रामदास जन्मले, त्यामुळे संप्रदाय काढणं या मातीला नवं नाही. सध्या जोरात असलेले संप्रदाय चार: महिंद्रा, टाटा, मारुती आणि टोयोटा. पाचवा ह्युंदाईचा. त्याला गावात मानतात, पण पंगतीत जरा कडेला बसवतात.

महिंद्रावाले स्वतःला मूळचे समजतात. त्याला कारण आहे. पूर्वी इथून अंबडला, जालन्याला जायचं म्हणजे काळी-पिवळी. आत पंधरा, मागं लटकलेले पाच, टपावर कोथिंबिरीचे गठ्ठे आणि ड्रायव्हर स्वतः दरवाजाबाहेर अर्धा. त्या जीपनं माणसं दवाखान्यात पोचवली, कोर्टाच्या तारखेला पोचवली, परीक्षेला पोचवली. त्या उपकारातून जी भक्ती निर्माण झाली ती पुढं २००० साली आलेल्या बोलेरोला मिळाली आणि २००२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओला तर ती व्याजासकट मिळाली. बोलेरोत बसल्यावर कंबर लचकते, हे महिंद्रावाला नाकारत नाही. तो म्हणतो, "गाडीत बसल्यावानी तर वाटाया पाहिजे."

या निष्ठावंतांना कंपनीचा इतिहास मात्र फारसा ठाऊक नसतो. १९४५ साली ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठी निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवरचं नाव बदललं. बॅनरवर कुणाचा फोटो राहिला आणि कुणाचा गळला यावरून हाणामाऱ्या होणाऱ्या आपल्या भागात, तीन वर्षांत भागीदार बदललेल्या कंपनीवर पिढ्यान् पिढ्या निष्ठा आहे, ही कौतुकाचीच गोष्ट म्हणायची.

टाटावाल्यांचं शास्त्र वेगळं. जालना जिल्हा सळईचा. इथल्या माणसाला लोखंडातलं कळतं, निदान तसं त्याला वाटतं. त्यामुळे गाडी चालवून बघण्याआधी तो बोनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि डोळे मिटून ऐकतो. "पत्रा बघा, पत्रा!" २०१८ मध्ये नेक्सॉनला अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले तेव्हा टाटावाल्यांनी गावात असे पेढे वाटले, जणू पोरगं कलेक्टर झालं. पाच ताऱ्यांच्या गाडीत बसून ते सीटबेल्ट मात्र पाठीमागून अडकवतात. बेल्ट न लावल्याची टिंगटिंग बंद करायला तेवढं पुरतं, आणि ताऱ्यांवर श्रद्धा आहेच. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरनंही पाच तारे मिळवले. त्या दिवसापासून टाटावाले म्हणायला लागले की ताऱ्यांत काही नसतं, खरं बघायचं तर पत्र्याचा आवाज.

मारुतीवाला वादात पडत नाही. त्याच्याकडे दोनच मंत्र: मायलेज आणि मोड. मोड म्हणजे विकताना येणारा पैसा. गाडी घेतानाच ती विकायची किती याचा हिशेब मांडणारा हा एकमेव पंथ. त्याची आणखी एक सोय आहे. मारुती कुठंही बंद पडली तरी तिथं जमलेल्या चार माणसांपैकी तिघांना आपल्याला त्यातलं कळतं असं वाटतं आणि चौथ्याला खरोखर कळतं.

टोयोटाचा पंथ लहान, पण सत्ताधारी. फॉर्च्युनर ही गाडी नव्हे, ते पद आहे. माणूस स्प्लेंडरवरून बोलेरोवर, बोलेरोवरून पांढऱ्या स्कॉर्पिओवर आणि तिथून फॉर्च्युनरवर चढत गेला की त्याचं शिक्षण विचारायचं नसतं. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनला कारखाना काढायचा करार केला, तेव्हापासून हे लोक स्वतःला भूमिपुत्र समजू लागले आहेत.

हे सगळे पंथ एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि कंपन्या? त्या एकमेकांच्या घरी जेवायला जातात. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाचं बोधचिन्ह लावून ग्लान्झा म्हणून विकली जाते. मारुतीची अर्टिगा २०२३ मध्ये टोयोटाच्या दारात जाऊन रुमियन झाली. त्याच वर्षी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीकडे येऊन इन्व्हिक्टो झाली. म्हणजे साटंलोटंच. पण स्टँडवरच्या हॉटेलात एक दाजी शपथेवर सांगतात की रुमियनचं इंजिन अर्टिगापेक्षा "जपानी" वाटतं. त्यांच्या समोर अर्टिगावाला बसलेला असतो. तो म्हणतो, "दाजी, दोन्ही एकाच भट्टीतल्या हायेत." दाजी चहाची बशी खाली ठेवून म्हणतात, "आसंल. पण बिल्ला कुणाचा हाय ते बघ की."

तरी कारवाल्यांचं भांडण हे शहाण्यांचं भांडण. खरी लढाई बघायची तर गाळप हंगामात कारखान्याच्या यार्डात रात्री जावं. काट्यावर नंबर लागेपर्यंत डबल ट्रॉल्यांची रांग उभी. थंडी मी म्हणत असते, शेकोटी पेटलेली असते, साऊंडवर गाणं चालू असतं. तिथं महिंद्राचं हेड, म्हणजे ट्रॅक्टर, आणि स्वराजचं हेड शेजारी शेजारी लागलं की पहाटेपर्यंत शास्त्रार्थ चालतो.

"मपला पाचशे पंच्याहत्तर चिखलातून दोन ट्रॉल्या काढतो, आवाज बी न्हाई करीत."

"आवाज कसा करीन? दमच न्हाई त्याच्यात. आमचा सातशे चव्वेचाळीस ओढत न्हाई, उपटतोय."

पुढं एकमेकांच्या लिफ्टवर, क्लचप्लेटवर, मेस्त्रीवर आणि शेवटी एकमेकांच्या आजोबांवर घसरतात. महिंद्रावाला स्वराजवाल्याला स्टार्टरसाठी बॅटरीची वायर देत नाही. एका घरात तर भाऊ वेगळे निघाले, त्याला कारण बांध नव्हता. थोरल्यानं लाल हेड आणलं आणि धाकट्यानं निळं.

हा वाद कायद्यानं बघितलं तर २००७ सालीच मिटलेला आहे. त्या वर्षी महिंद्रानं मोहालीची पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली आणि तिच्याबरोबर स्वराज हे नावही आलं. तेव्हापासून लाल हेड विकलं काय आणि निळं विकलं काय, पैसा एकाच घरात जातो. मॅसी आणि आयशर यांच्या भक्तांचंही तेच. आयशरचे ट्रॅक्टर २००५ मध्ये टॅफेकडे गेले, आणि मॅसी बनवणारी कंपनीही टॅफेच. शेकोटीपाशी एका शिकलेल्या पोरानं ही माहिती मोबाइल उघडून वाचून दाखवली. क्षणभर दोन्ही बाजू गप्प झाल्या. मग स्वराजवाला म्हणाला, "म्हंजी स्वराज भारीच हाय. उगं का कुणी इकत घेतंय?" महिंद्रावाला म्हणाला, "घेणारा कोण? मग बाप कोण झाला?" शास्त्रार्थ पुन्हा सुरू झाला आणि शिकलेलं पोरगं झोपायला ट्रॉलीखाली गेलं.

असल्या माणसाला हसायचा हक्क महाराष्ट्रात कुणाला आहे, हे मात्र तपासून बघावं लागेल. २०२२ मध्ये शिवसेनेचे दोन भाग झाले, २०२३ मध्ये राष्ट्रवादीचे. बिल्ला एकाकडे, जुना मेस्त्री दुसऱ्याकडे आणि शोरूम तिसऱ्याच गावात. २०२४ च्या निवडणुकांत कार्यकर्त्यानं काच पुसून जुना स्टिकर काढला, नवा लावला आणि गाडी तीच चालवली. काहींनी तर स्टिकर न काढता त्याच्यावरच दुसरा चिकटवला. उन्हाळ्यात वरचा सुटला की खालचे साहेब पुन्हा दिसायला लागतात. ग्लान्झा आणि बलेनोचं नातं ज्यांना कळलं नव्हतं त्यांना निकालाच्या संध्याकाळपर्यंत सगळं कळलं.

निष्ठेचं एक दुःख असं की ती एकाच बाजूनं वाहते. पूर्वी इथं लोक लाल कंधारी बैल सांभाळायचे, देवणी सांभाळायचे, आणि जातिवंत जनावरावर असाच अभिमान धरायचे. पण बैल मालकाला ओळखायचा. कंपनी ओळखत नाही. टोयोटाची क्वालिस चांगली धावत होती. २००५ मध्ये कंपनीनं ती बंद केली आणि इनोव्हा आणली. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सवर ज्यांनी जीव लावला त्यांच्या कंपनीनं त्याच वर्षी स्वतःचं नावच बदलून फोर्स मोटर्स केलं. लग्नाला 'क्रूझर केली' म्हणणाऱ्यांना अजून तिचं घराणं कोणतं हे सांगावं लागतं. टाटांनी सुमो १९९४ मध्ये आणली, सुमंत मूळगावकरांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं, आणि २०१९ मध्ये तीही थांबवली. २०१७ संपता संपता शेव्हरोलेनं भारतात गाड्या विकणं सोडलं. २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजही शेव्हरोलेची एखादी टवेरा मागच्या काचेवर 'नाद नाय करायचा' असं लिहून धावताना दिसते. नाद सोडून कंपनी अमेरिकेत गेली, हे त्या काचेला कुणी कळवलेलं नाही. टवेरावाले आबा म्हणतात, "कंपनी गेली तर गेली. मी कुठं गेलोय?" गेल्या हंगामात त्यांनी एका दरवाजासाठी तीन जिल्ह्यांतले भंगारवाले पालथे घातले. दरवाजा मिळाला, पण वेगळ्या रंगाचा. तो त्यांनी तसाच बसवला आहे आणि त्या बाजूनं फोटो काढू देत नाहीत.

आमच्या खेडवळांच्या या भक्तीला नाक मुरडणाऱ्या शहरवाल्यांसाठी एक जुनी नोंद. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे इथून जालन्याच्या पलीकडे, उद्योजक-व्यावसायिकांनी एकजूट करून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. शहराच्या शेंद्रा वसाहतीत तेव्हा स्कोडा आणि ऑडी जुळवल्या जात होत्या. शहरानं घेतली चाकणची मर्सिडीज. पिकतं तिथं विकत नाही ते असं. मराठवाड्यात सहकार रुजला नाही म्हणणाऱ्यांनी हा प्रकल्प अभ्यासक्रमात लावावा: ठराव, सभासद, घाऊक खरेदी, सगळं वेळेत. स्टेट बँकेनं कर्ज दिलं ७ टक्क्यांनी. त्याच सुमारास पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त लिहून दाखवलं की याच भागात ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर याच्या कितीतरी वर होता. ज्या वाहनानं नांगरायचं त्याला जास्त व्याज आणि ज्यानं मिरवायचं त्याला कमी. तरीही यार्डातल्या शेकोटीपाशी बँकेविरुद्ध कुणी बोलत नाही. लाल हेडवाला निळ्याला शिव्या देतो, निळा लालला.

इथंच या सगळ्या पंथांची मेख आहे. बोलेरो असो, नेक्सॉन असो, डिझायर असो, घरात येते ती हप्त्यावर. ऊस नियंत्रण आदेशात १९६६ पासून लिहिलेलं आहे की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत. राज्यात हे किती ठिकाणी पाळलं जातं ते साखर आयुक्तांच्या दप्तरात बघावं. फायनान्सवाल्याची तारीख मात्र चुकत नाही. कंपनी मॉडेल बंद करते, नाव बदलते, देश सोडते. तो महिन्याच्या महिन्याला न विसरता फोन करतो, आधी "सर" म्हणून, मग "भाऊ" म्हणून, आणि दोन हप्ते तटले की नुसताच नंबर सांगून. तिसऱ्याला माणसं येतात आणि गाडी ओढून नेतात. ती कोणत्या पंथाची आहे हे ते विचारत नाहीत. त्यांच्या यार्डात थार, पंच, अर्टिगा आणि फॉर्च्युनर एका रांगेत, बिनतक्रार उभ्या असतात. इतका सलोखा तीर्थपुरीत दुसरीकडे कुठं दिसणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी हॉटेलात "मपलीच गाडी भारी" म्हणून टेबलावर हात आपटण्याआधी खिशातलं आरसी कार्ड काढा. मालक म्हणून तुमचं नाव असेल. त्याच कार्डावर आणखी एक नाव असतं, ज्याचा बोजा चढलेला आहे त्याचं. ते वाचा. हप्त्याची तारीख पाच असेल तर चारला खात्यात पैसे टाका आणि मग खुशाल भांडा.