खुले पत्र : ‘एक्सपोर्ट टू एक्सएमएल’ बटणाच्या जनकास

महोदय,



आपली प्रत्यक्ष ओळख नाही. पण आमच्या हिशेब खात्यात रोज संध्याकाळी आपली आठवण निघते, आणि त्या वेळी वापरले जाणारे शब्द सुदैवाने कुठल्याही फाइलमध्ये एक्सपोर्ट होत नाहीत.

आमच्या वेबफॉर्मवर दिवसभर लोक नोंदणी करतात. नाव, पत्ता, दुकानाचे नाव, शेरा. संध्याकाळी आपले बटण दाबले की या सगळ्याची एक एक्सएमएल फाइल तयार होते आणि ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची असते. परवा एका किराणा दुकानदाराने आपल्या नावापुढे ‘& ब्रदर्स’ असे लिहिले. दुकानाच्या पाटीवर तसेच आहे, पावतीपुस्तकावर तसेच आहे. पण त्या एका चिन्हापायी त्या दिवसाची एकूण एक नोंद अडकली. सॉफ्टवेअर म्हणाले, चूक पहिल्या ओळीत आहे. त्याचे काय चुकले? आपण अख्खी फाइल एकाच ओळीत लिहिता.

यावर आपण जो उपाय योजलात तो पाहून ऊर भरून आला. दुसऱ्याच दिवशी फॉर्मवर तांबड्या अक्षरांत सूचना झळकली : ‘कृपया नावात विशेष चिन्हे वापरू नयेत.’ चौकट ठेंगणी बसवायची आणि पाहुण्याला सांगायचे, गुडघे कापून या!

एक्सएमएल ही काही काल आलेली भानगड नाही. तिच्या १.० आवृत्तीची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाली आणि चिन्हांचे काय करायचे ते तेव्हापासून तिच्यात लिहिलेले आहे. मजकुरात & किंवा < आले तर ते तसेच्या तसे ठेवायचे नाही; & साठी आधी ते चिन्ह, मग ए-एम-पी ही अक्षरे आणि शेवटी अर्धविराम लिहायचा. अशी पाच ठरलेली रूपे आहेत. चूक दिसली की वाचणाऱ्या प्रोग्रामने तिथेच थांबायचे, अंदाजपंचे पुढे जायचे नाही, हाही नियमच आहे. तेव्हा आमचे सॉफ्टवेअर हट्टी आहे, असे जे आपण कळवलेत, ते त्याचे कौतुक समजतो.

गंमत अशी, की हे रूपांतर आपण हाताने करायचेच नव्हते. जावा घ्या, पायथन घ्या, पीएचपी घ्या, डॉट नेट घ्या. एक्सएमएल लिहून देणारी तयार साधने सगळीकडे आहेत. त्यांना नाव द्यावे, ती सुरक्षित करून टॅगमध्ये बसवतात. आपण मात्र अधिकच्या चिन्हाने तुकडे जोडत बसलात : डावीकडे टॅग, मधे ग्राहक, उजवीकडे टॅग. एवढी मेहनत कशासाठी, असे विचारण्याचे धैर्य आपल्या कचेरीत कुणाला झाले नाही, याचे वाईट वाटते.

आम्ही तक्रार केली तेव्हा आपण मनावर घेतलेत, हे मान्य केले पाहिजे. इतके घेतलेत, की & चे रूपांतर एकदा फॉर्म साठवताना केलेत आणि पुन्हा एकदा एक्सपोर्ट करताना. परिणामी त्याच दुकानदाराच्या पावतीवर नाव आणि ‘ब्रदर्स’ यांच्या मधोमध ए-एम-पी छापून आले. त्याने फोन करून विचारले, ‘अहो, हा ए. एम. पी. आमच्या धंद्यात कधीपासून भागीदार झाला?’ साठवताना जे आले ते जसेच्या तसे ठेवावे आणि ज्या दारातून बाहेर जाईल त्या दाराच्या नियमाने बाहेर सोडावे, एवढी साधी गोष्ट. आपण मात्र रूपांतर दोन्ही दारांवर केलेत.

मग आपल्याला सीडेटा नावाच्या वेष्टनाचा शोध लागला. सगळा मजकूर त्या वेष्टनात गुंडाळला की चिंता मिटली, असा आपला समज झाला. त्याच मजकुरात ]]> ही तीन चिन्हे लागोपाठ आली की वेष्टन मधेच सुटते. असे लिहितो कोण, असे आपण म्हणाल. दुसऱ्या एक्सएमएलचा तुकडा शेऱ्यात चिकटवणारे लिहितात. आणि तो तुकडा बहुधा आपणच कुठेतरी तयार केलेला असतो.

पण राग येतो तो आपल्या ‘सफाई’चा. गोव्यातल्या आणि वसईतल्या कित्येक आडनावांत रोमन लिपीत लिहिताना एकेरी वरचे स्वल्पचिन्ह येते. ते आपण उडवलेत. टॅगच्या मधल्या मजकुरात ते चिन्ह एक्सएमएलला अजिबात खुपत नाही. त्याच चिन्हात बांधलेल्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आले तरच ते खुपते. म्हणजे लोकांची आडनावे आपण काहीही कारण नसताना छाटलीत. मराठी नावांतून तर न दिसणारी चिन्हेही वेचून काढलीत. वऱ्हाडातला आडवा ‘र’ काही कीबोर्ड शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने लिहितात. ते जोडचिन्ह गेले की ‘कुऱ्हाडे’ यांच्या डोक्यावर रफार चढतो आणि ते ‘कुर्हाडे’ होतात.

आता तुमची बाजूही मांडतो. काही चिन्हे खरोखरच काढावी लागतात. संगणकाच्या जुन्या नियंत्रण-चिन्हांपैकी पहिल्या बत्तीसांतली टॅब आणि ओळ बदलणारी दोन, अशी तीनच एक्सएमएल १.० ला चालतात. बाकीची आकडा करून लिहिली तरी चालत नाहीत. पॉवरपॉइंटमधून चिकटवलेल्या मजकुरात उभा टॅब लपून येतो, तो हाकलावाच लागतो. नेमका तोच आपण आत सोडलात.

राहता राहिली लिपी. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आपली फाइल पहिल्या ओळीत यूटीएफ-८ असल्याची ग्वाही देते आणि आत मात्र पश्चिम युरोपच्या जुन्या तक्त्याने लिहिलेली असते. त्या तक्त्यात ‘म’ नाही, ‘क’ नाही, काहीच नाही. म्हणून नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. आणि हे जिथे डेटाबेसमध्ये साठवतानाच घडले, तिथे मूळ अक्षरे कायमची गेली. कुठल्याही हुशारीने ती परत येत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच. फॉर्मवरची तांबडी सूचना काढा. तुकडे जोडणे थांबवून भाषेतले तयार साधन वापरा. डेटाबेस, पान आणि फाइल या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ठेवा. पुढच्या चाचणीत ‘अबक’ आणि ‘टेस्ट १’ एवढ्यावर न भागवता एक &, एक <, एक कुऱ्हाडे आणि एक इमोजी घाला. आणि ज्यांच्या नावांची प्रश्नचिन्हे झाली आहेत त्यांना स्वतः फोन करून नावे विचारून घ्या. फोन नंबरच्या रकान्यात नुसते अंक आहेत, ते अजून शाबूत आहेत.

आपला,
हिशेब खात्यातला एक फाइल-चढव्या