चरितरुण बाबा

प्रस्तुत लेखकानं पैसे वाचवण्यासाठी आजवर जेवढा खर्च केला आहे, तेवढा चैनीसाठी केलेला नाही. बाबांच्या पंच्याहत्तरीला घरातल्या सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे, ही कल्पना त्याचीच. माणसं मोजून नऊ. संकेतस्थळावर मात्र पंधरा नगांपासून पन्नास टक्के सूट होती. खोडलेली किंमत ७९८, न खोडलेली ३९९. नऊच घेतले तर सूट वीस टक्के. लेखकानं हिशेब मांडला : नऊ शर्टांचे ५,७४६ रुपये, पंधरांचे ५,९८५. म्हणजे २३९ रुपयांत सहा शर्ट!

“अहो, पण ते सहा घालणार कोण?” या बायकोच्या प्रश्नातला कोतेपणा पाहून त्याला त्या क्षणी तिची कीव आली.

नगावरची सूट ही निव्वळ थाप नसते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी चौकट करावी लागते. ती एका शर्टासाठी करा नाहीतर शंभरांसाठी, खटाटोप तेवढाच. हल्ली फोटो फिल्मवर छापून, त्यावर गोंदाची पूड टाकून, गरम दाबानं कापडावर उतरवतात. त्यामुळे एकच शर्टही छापून मिळतो. जास्त घ्यायची सवय मात्र सुटलेली नाही, निदान मुलुंड पूर्वेच्या एका घरात तरी.

तसं म्हटलं तर नाव छापलेल्या टी-शर्टची दीक्षा उपनगरांना इंटरनेटनं दिलेली नाही. पवईच्या आयआयटीतून शिकलेल्यांनी २०१२ साली ‘बेवकूफ’ नावाची टी-शर्ट कंपनी काढली. त्याच वर्षी जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ गोविंदा पथकानं ठाण्यात नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला. पण गोविंदांच्या अंगावर पुरस्कर्त्याचा चेहरा त्याच्या कितीतरी आधीपासून होता. अशाच एका शर्टावर लेखक गेली कित्येक वर्षं झोपतो आहे. पाठीवरच्या इच्छुकाला उमेदवारी मिळाली नाही. शर्टाचा रंग अजून गेलेला नाही.

आता फोटो. बाबांचा एकट्याचा फोटो शोधायला लेखकानं मोबाइल उघडला आणि रात्री दीडपर्यंत तो शोधतच राहिला. मोबाइलमध्ये फोटो नऊ हजार. त्यात इडलीचे आहेत, पार्किंगच्या पावतीचे आहेत, स्वतः लेखकाचे तर विविध प्रकाशांतले आहेत. बाबा दिसतात ते लग्नातल्या घोळक्यात, अगदी कडेला, अर्धे. एकट्याचा असा एकच, आधार कार्डावरचा. शेवटी मावसभावाच्या लग्नातून त्यांना कापून काढलं. खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो काही निघाला नाही. हात कुणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही. पंधरा शर्टांवर तो आहे.

मजकूर लेखकाचा स्वतःचा, ‘चिरतरुण बाबा’. घरात लिहिता माणूस असल्याचा थोडा उपयोग व्हायला हवा, असं तो तीन वेळा म्हणाला.

पुडकं आलं. उघडलं. छातीवर ठळक अक्षरांत : ‘चरितरुण बाबा’.

इथे लेखकाला जरा मोकळं सोडावं लागेल, कारण वेलांटी हा त्याचा दुखरा विषय आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. युनिकोडमध्ये १९९१पासून देवनागरी आहे आणि ते उच्चाराचा क्रम पाळतं : आधी ‘च’, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना तिला उचलून ‘च’च्या अलीकडे नेऊन बसवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्या सॉफ्टवेअरला हे शिकवलेलं नाही, ते तिला जागच्या जागी सोडून देतं आणि ती बिचारी शेजारच्या ‘र’च्या डोक्यावर जाऊन बसते. संकेतस्थळावरच्या नमुन्याला हे येत होतं, म्हणून तर लेखकानं ऐटीत ‘मंजूर’ दाबलं. छापणाऱ्याच्या यंत्राला येत नव्हतं.

गंमत म्हणजे शिशाच्या खिळ्यांना हे येत होतं. कंपोझिटर आधी वेलांटीचा खिळा उचलायचा, मग ‘च’चा. रेमिंग्टनच्या मराठी टंकयंत्रावरही वेलांटी आधीच मारायची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली ‘निर्णयसागर’ काढला. तिथल्या देवनागरीच्या सुबकपणाचं आजही नाव निघतं. आणि आपण? लग्नपत्रिकेवर ‘श्री’ फुटलेला असतो, वाढदिवसाच्या बॅनरवर जोडाक्षराचा पाय मोडून खाली लोंबत असतो. मराठी पाटीसाठी या शहरात काचा फुटल्या आहेत; पाटीवरच्या फुटक्या अक्षरासाठी कुणी दुकानदाराला साधं हटकल्याचं लेखकाला आठवत नाही. त्यानं स्वतःही कधी हटकलेलं नाही.

नाव छापलेला माल परत घेत नाहीत, हे त्याला ‘मंजूर’ दाबल्यानंतर वाचायला मिळालं.

आता राहिलेली गोष्ट सांगायलाच हवी. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. खिळे गेले, ऑफसेट आला, संगणक आला. मग एके दिवशी मालक म्हणाले, आता चुका मशीनच काढेल. त्यानंतर बाबा घरी येणारं वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचू लागले. खुणा केलेला अंक रद्दीत जायचा. पाठवणार कुणाला?

अशा माणसाच्या छातीवर चुकीचं अक्षर चढवायचं होतं. वाढदिवसाच्या सकाळी लेखकानं शर्ट मुद्दाम उलटा घडी घालून पुढे केला. बाबांनी तो उलगडला, चष्मा लावला, हात लांब करून पाहिला.

“खांद्यावर हात कुणाचा रे?”

“माहीत नाही.”

“आणि हे प्रूफ कुणी पाहिलं?”

“मीच.”

बाबा काही बोलले नाहीत. उरलेले सहा शर्ट तोवर वाटून झाले होते : वॉचमनला दोन, दूधवाल्याला एक, इस्त्रीवाल्याला एक, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला एक. सहावा कुठे गेला, ते आईला माहीत आहे आणि ती सांगत नाही. आठवडाभर मुलुंड पूर्वेला लेखकाचे बाबा सायकलवरून दूध घालत होते, गेट उघडत होते. तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, “चरितरुण म्हणजे ज्ञानेश्वरीतला शब्द का?” लेखक नुसता हसला. ते हसणं होकारासारखं दिसेल, अशी त्यानं काळजी घेतली.

केक कापून झाल्यावर बाबांनी लाल मार्कर मागवला. शर्ट टेबलावर ताणून धरायला नातीला सांगितलं. ‘र’वरची वेलांटी खोडली, रेघ ओढून ‘च’च्या अलीकडे नेली, बाहीजवळ समासात खूण केली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं : ‘दुरुस्तीनंतर छापावे’. सही, तारीख. मग तो अंगात घालून ते श्रीखंड-पुरीला बसले.

संध्याकाळी इस्त्रीवाला दारात आला. कपडे आणले असतील असं लेखकाला वाटलं. त्याच्या हातात एकच शर्ट होता, कडक इस्त्रीचा. बाबांच्या शर्टावर आहे तशी लाल रेघ त्याला आपल्याही शर्टावर हवी होती.