तीन टनांचं वाळवंट

मेलबर्नच्या माणसानं आउटबॅकला जायचं ठरवलं की सगळ्यात आधी कोरडं पडतं ते त्याचं बँकेतलं खातं. वाळवंट फार नंतर येतं.

आमचा बेत तसा साधा होता. सप्टेंबरअखेरची शाळेची सुट्टी, पुण्याहून आलेले सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी आणि जुनी डिझेल डबल-कॅब गाडी, मागे छत बसवलेला हौदा असलेली. सासूबाई तिला टेम्पोच म्हणतात. मिल्ड्युरावरून साउथ ऑस्ट्रेलियात शिरायचं, फ्लिंडर्सचे डोंगर मागे टाकून मारी गाठायचं आणि तिथून ऊडनाडॅटा ट्रॅक धरून मार्लाला बाहेर पडायचं. सहाशेहून जास्त किलोमीटर कच्चा रस्ता. वाटेत जुन्या घान रेल्वेचे सोडून दिलेले पूल, समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली गेलेलं आणि बहुतेक वर्षं कोरडंच असणारं लेक एअर, आणि ज्या गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं ते ऊडनाडॅटा.

सासूबाईंनी ते 'उनाडदत्त' असं ऐकलं.

"वाडी झाली, औदुंबर झालं, गाणगापूर झालं. इतक्या लांबही महाराजांचं स्थान आहे, हे मला कुणी बोललंच नाही," असं म्हणून त्या कपाटातून जपमाळ काढायला गेल्या. ऊन, माश्या आणि तंबू ऐकून आठवडाभर मान हलवणाऱ्या बाई एका दत्तावर तयार झाल्या. तिथं देऊळ नसून गुलाबी रंगाचं एक रोडहाउस आहे, हे सांगायची घाई घरात कुणालाच नव्हती.

मंडळाच्या गणपतीत बातमी फुटली आणि प्रसादाचा द्रोण हातात असलेला प्रत्येक जण वाळवंटातला जाणकार निघाला. "बुल बार नसेल तर निघूच नका, कांगारू थेट मांडीवर येतो." "स्नॉर्कल लावा." वाळवंटात स्नॉर्कल कशाला, तर म्हणे धुळीसाठी. एकानं विंच घ्याच म्हणून गळ घातली. विंचाचा दोर बांधायला झाड लागतं, आणि आम्ही चाललो होतो त्या दगडगोट्यांच्या मैदानात झाड दिसलं तर लोक गाडी थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढतात. सल्ले देणाऱ्यांतले निम्मे मिल्ड्युराच्या पुढे गेलेले नव्हते आणि उरलेले निम्मे विमानानं उलुरूला जाऊन आले होते.

खरा जाणकार घरातच होता. सासरेबुवांची उभी नोकरी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत गेली. सकाळचा चहा घेऊन ते गाडीखाली शिरत ते जेवायलाच बाहेर येत. रेडिएटरचे होस दाबून बघ, फॅन बेल्ट उलटून त्याला भेगा आहेत का बघ, बॅटरीचा क्लॅम्प हलतो का बघ. मी दुकानातून आणलेल्या चकचकीत वस्तूंकडे त्यांनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. "नट आवळलेत का?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि तोही रोज.

आमचं वाजलं ते फक्त हवेवरून. कच्च्या रस्त्यावर टायरमधली हवा उतरवायची असते. डांबरी रस्त्यावर ४०च्या आसपास असेल, तर २८च्या आसपास आणायची आणि वेगही उतरवायचा. मऊ टायर दगडावर दबतो, टणक टायरात दगड घुसतो. शिवाय हा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा असतो आणि त्यावर भरल्या टायरची गाडी स्वतःचेच नट ढिले करत जाते.

"हवा काढून पंक्चर टळतं? आम्ही आयुष्यभर हवा भरून टाळलं," सासरेबुवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे ते गेज घेऊन एकटेच खाली उतरले, चारही टायरची हवा उतरवली आणि मला शेजारच्या खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला लावली. डोळे मिटून, कान मागे लावून बसले होते. परत आल्यावर म्हणाले, "पाटे कमी बोंबलतात." दापोडीकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

मग पाणी. माणशी रोज निदान ५ लिटर, जमलं तर १०, आणि गाडी बंद पडली तर म्हणून वरचं वेगळं. पाच माणसांचा हिशेब मी कागदावर मांडला. सासूबाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "यात आंघोळीचं कुठं आहे?"

"आंघोळ नाही, आई. फार तर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं."

"दत्ताच्या दर्शनाला पारोशानं जायचं?"

इथं भूगोल धावून आला. ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा अफाट साठा आहे आणि या ट्रॅकच्या कडेनं त्याचं पाणी जागोजाग आपोआप वर येतं. याच झऱ्यांच्या आधारानं आधी मूळ रहिवाशांच्या वाटा गेल्या, मग तारेची लाइन गेली, मग रेल्वे. त्यातल्या कोवर्ड स्प्रिंग्जला अंघोळीपुरतं कोमट पाण्याचं कुंडच आहे. "म्हणजे तीर्थ आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि माझा पाण्याचा हिशेब मंजूर झाला.

लिंबांचं प्रकरण जास्त चिघळलं. निघताना चाकांखाली चार लिंबं आणि बुल बारला लिंबू-मिरची हे ठरलेलंच होतं. पण फळमाशी येऊ नये म्हणून साउथ ऑस्ट्रेलियात ताजी फळं नेता येत नाहीत. मिल्ड्युराच्या पुढे यांबाला नाकाच आहे, तिथं गाडी थांबवून तपासतात. म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली लिंबू-मिरची सरकारी अधिकारी काढून घेणार. सासूबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी घरातल्या सगळ्या लिंबांचं लोणचं घातलं. लोणच्याला हरकत नाही. काचेच्या तीन बरण्या भरल्या, आणि तिथून आमच्या प्रवासाचा मूळ विषय सुरू झाला, तो म्हणजे वजन.

गाडीच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते. गाडी, डिझेल, सामान आणि माणसं मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या पट्टीवर होतं ३,००० किलो. सासरेबुवा म्हणाले, "काट्यावर घाल." गेलो. वजनकाट्यावरच्या बाईंनी काचेआडून आमच्या टपावरच्या तंबूकडे, चार जेरीकॅनकडे, घडीच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि पावती सरकवली: २,८४० किलो.

"बसतंय की!" मी म्हणालो.

"गाडीत तू एकटा आहेस," बायको खिडकीबाहेरून म्हणाली. बाकीचे चौघं फुटपाथवर उभे होते.

"मी घरीच थांबते," सासूबाई म्हणाल्या. पण त्या राहिल्या तर दत्त राहतो, आणि दत्त राहिला तर सासरेबुवाही राहतात, आणि ते राहिले तर नट कोण आवळणार? त्यापेक्षा खुर्च्या राहिलेल्या बऱ्या. तिथंच, काट्याच्या आवारात, सामान खाली उतरायला लागलं. आधी जेरीकॅन. मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा, मार्ला: या चारही ठिकाणी इंधन मिळतं आणि प्रत्येक टप्पा २०० किलोमीटरच्या आसपास. चार कॅन डिझेल आम्ही निव्वळ मंडळाच्या भीतीपोटी वाहून नेत होतो. मग खुर्च्या, सावलीचा मांडव, कॉफीचं मशीन. तळाशी एका पिशवीत लोखंडी खलबत्ता सापडला.

"हा कशाला?"

"चहात आलं कुटून घालायला नको?" सासूबाई म्हणाल्या.

मी तो खाली ठेवणार तेवढ्यात सासरेबुवांनी हात धरला. बत्ता उचलून तळहातावर तोलला. "राहू दे. हातोडी काढ." हातोडी घरी राहिली, खलबत्ता निघाला.

जास्त सामान घेऊन वाळवंटाला निघायची ही रीत मेलबर्नची जुनीच आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी बर्क आणि विल्स यांची मोहीम इथल्या रॉयल पार्कमधून निघाली. बरोबर वीसेक टन सामान, दोन वर्षं पुरेल एवढं अन्न, लाकडी टेबल, खुर्च्या, आकाशात सोडायचे बाण, निशाणं आणि एक चिनी घंटा. उंट आपल्याकडून, कराचीच्या बंदरातून आणलेले. एक गाडी रॉयल पार्कमध्येच मोडली. मध्यरात्रीपर्यंत मंडळी कशीबशी एसेंडनला पोचली, तिथं आणखी दोन मोडल्या. आम्ही एसेंडनलाच राहतो. उत्तरेच्या समुद्राच्या जवळपास पोचलेल्या चौघांपैकी जॉन किंग एकटा जगला, आणि त्याला जगवलं कूपर्स क्रीकच्या यांड्रुवांधा लोकांनी. त्यांच्याजवळ टेबलही नव्हतं आणि घंटाही.

काट्यावरून परतताना एक गोष्ट पक्की कळली. वाळवंटात गाडीचे पाटे तुटतात, टायर फाटतात, टपावर ओझं असलं की गाडी कलंडते, डिझेल जास्त लागतं, आणि या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा सुरक्षितपणासाठी घेतलेलं सामानच असतं. जीव वाचवणारी वस्तू पाव किलोचीही भरत नाही. संकटात बटण दाबलं की उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवणारा बीकन खिशात मावतो, आणि त्याची नोंदणी फुकट होते. बरोबर दोन स्टेपन्या, पुरेसं पाणी, आणि कुठल्या दिवशी कुठं असणार हे माहीत असलेलं एक माणूस घरी. बाकीचं बरंचसं मनाचं ओझं असतं, ते हौद्यात टाकून उतरत नाही.

तुम्ही जाणार असाल तर गाडी भरून, सगळ्या माणसांसकट काट्यावर घाला. ती बंद पडली तर तिच्याजवळच थांबा. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब गाडी सोडून निघालं आणि पाण्यावाचून गेलं. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आणि सल्ला विचारायचाच तर गणपतीत विचारू नका, मारीला पोचल्यावर रस्ता उघडा आहे का तेवढं विचारा. पाऊस झाला की हा ट्रॅक बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला दंड होतो.